चाकामागचा हात

१

गॅरेजचं शटर वर जाताना कायम कुरकुरायचं आणि बाबा रोज म्हणायचे, आज त्याला तेल द्यायचं. रोज म्हणायचे आणि रोज विसरायचे. जगाच्या गाड्यांना तेलपाणी करण्यात ज्याचा जन्म गेला त्याच्याच घरचं शटर असं रडकं, यावरून आईने त्यांना चाळीस वर्षं टोमणे मारले. त्या दिवशी सकाळी चिमटीने शटर ढकललं तेव्हा मात्र ते मुकाट्याने वर गेलं. तिला एवढंच वाटलं की चला, सुरुवात तरी बरी झाली.

चिमटी म्हणजे कुणी लहान मुलगी नव्हे. वय एक्कावन्न, दुसऱ्या गावात शाळेत गणित शिकवायची, आणि वर्गातली धटिंगण पोरंही तिला टरकून असायची. पण लहानपणी तिचा हात एवढा बारीक होता की कुठेही अडकलेली कसलीही वस्तू ती दोन बोटांनी उचलून काढायची. तेव्हा बाबांनी ठेवलेलं हे नाव आईने अजून सोडलं नव्हतं.

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. आई आता चिमटीकडे राहायला जायची होती. घर जवळजवळ रिकामं झालं होतं आणि उरली होती ती बाबांची जुनी मोटार. तिलाही गिऱ्हाईक मिळालं होतं. चार वाजता तो बायको आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन येणार होता आणि तिघं तीच गाडी घेऊन परत जाणार होती. खरं तर गाडी पसंत केली होती त्या मुलीनेच. गाडीचे दिवे तिला डोळ्यांसारखे वाटले होते.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात आदल्या दिवशी टायरवाल्याने घोळ घातला. नवे टायर चढवताना त्याने नट हाताने आवळायचा कंटाळा केला आणि पान्यावर पाय देऊन उभा राहिला. पुढच्या डाव्या चाकाचा एक स्टड, म्हणजे ज्या खिळ्यावर चाकाचा नट बसतो तो, मुळापासून कडकन मोडला.

"तीन आहेत की अजून," टायरवाला म्हणाला होता. "कोण बघायला जातंय?"

चिमटीने त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याने आपलं सामान गोळा केलं आणि काढता पाय घेतला. नवा स्टड तिने संध्याकाळीच आणून ठेवला. मोडक्याच्या बुडाशी तेल सोडलं. सकाळी आईचा चहा झाल्यावर जुनी साडी नेसली, पदर खोचला आणि गॅरेजात आली.

भिंतीवर बाबांची हत्यारांची फळी होती. प्रत्येक हत्याराच्या मागे त्यांनी पांढऱ्या रंगाने त्याचा आकार काढून ठेवला होता, म्हणजे काय जागेवर नाही ते बघताक्षणी कळावं. सगळ्या हत्यारांवर दीड वर्षाची धूळ होती. एकच जागा रिकामी होती, सगळ्यात छोट्या पान्याची. तो तिचा पाना होता. मुठीत घसरू नये म्हणून बाबांनी त्याला लाल दोरा गुंडाळून दिला होता.

"आई, माझा छोटा पाना कुठे गेला गं?"

गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच दार होतं, ते नेहमी उघडं असायचं. आतून आवाज आला, "मला काय विचारतेस? मी काय त्याने भाजी चिरते?"

२

काम तसं सोपं होतं, आणि हात काही विसरले नव्हते. नट सैल केले, जॅक लावला, गाडी उचलून खाली लोखंडी घोडी सरकवली. जॅकच्या भरवशावर कधी राहायचं नाही, हे बाबांनी तिला मुळाक्षरांच्या आधी शिकवलं होतं. चाक काढून भिंतीला टेकवलं. ब्रेकचा ड्रम काढला. चाक ज्यावर बसतं तो हब मोकळा झाला. त्यावर तीन स्टड शाबूत आणि एक थोटूक.

थोटकावर हातोड्याचे घाव घालताना तिला एकदम बरं वाटलं. ग्रीसचा, रबराचा, जुन्या फडक्यांचा तो वास नाकात गेला. शाळा सुटली की दप्तर स्वयंपाकघरात भिरकावून ती इथे पळत यायची. बाबा गाडीखालून विचारायचे, "कोण आलं?" पायांवरून त्यांना बरोबर कळायचं, तरी विचारायचेच. ती म्हणायची, "मोठे मिस्त्री." मग बाबा म्हणायचे, "या मिस्त्री, तुमच्यावाचून काम अडलंय." आणि खरोखरच अडलेलं असायचं.

कारण हबच्या मागे एक गोल पत्रा होता आणि त्या पत्र्याला एक खाच होती. नवा स्टड मागून घालायचा तो त्या खाचेतून. मोठ्या माणसाची दोन बोटं तिथे कशीबशी शिरायची, पण चिमटीचा अख्खा हात आत जायचा. स्टड कधी ठोकून बसवायचा नाही, वाकडा बसतो. तो ओढून घ्यायचा. पुढून तीन-चार वॉशर चढवायचे, नट लावायचा आणि हळूहळू आवळत जायचं, म्हणजे स्टड पुढे खेचला जातो. त्याचं डोकं मागे हबला घट्ट टेकलं की झालं. टेकलं का, हे पुढून दिसत नाही. ते मागे बोट ठेवून बसलेल्यालाच कळतं.

बाबांचे कान पत्रा ठोकून ठोकून अर्धेअधिक कामातून गेले होते. त्यामुळे काम चालू असताना चाकामागून बोलून उपयोग नसायचा. बाबा पाना फिरवत विचारायचे, "आला का?" आणि चिमटी गाडीच्या पोटाखाली उकिडवी बसून छोट्या पान्याने हबवर टक् करायची. एकदा टक् म्हणजे अजून नाही. दोनदा म्हणजे आला. बाबांना ते ऐकू यायचं नाही, हाताला कळायचं. लोखंडातून आलेलं खोटं नसतं, असं ते म्हणायचे.

दहाव्या घावाला थोटूक मागे पडलं. चिमटीने फडक्याने हब पुसला, खाचेतून दोन बोटं घालून नवा स्टड भोकात बसवला. तेव्हा तिला दिसलं की खाचेच्या कडेचं ग्रीस, जे इतक्या वर्षांत डांबरासारखं काळं घट्ट व्हायला हवं होतं, ते चार जागी पुसलं गेलेलं आहे. चार लहान लहान ठसे, एका ओळीत.

उंदीर, ती मनाशी म्हणाली. बंद गॅरेजात उंदीर नाही तर काय होणार?

३

वॉशर चढवले, नट लावला, पाना घातला आणि ती स्टुलावर बसून आवळू लागली. स्टड करकरत पुढे सरकू लागला. खिडकीतून ऊन येत होतं, आत आई डबे रिकामे करत होती, त्यांचा आवाज येत होता. इतकं सगळं पूर्वीसारखं होतं की चिमटीच्या तोंडून सहज निघून गेलं, "आला का?"

टक्.

आवाज कानाला जेमतेम आला. पण तळहाताला पान्यातून स्पष्ट कळला.

ती थांबली. मग तिने पहिल्यांदा जे केलं ते वर्गात करायची तेच. शक्यता मांडल्या. लोखंड ताणाखाली आहे, ते वाजतं. स्टडचे दाते भोकात सरकताना असा झटका बसतो. घोडीवर गाडी जराशी बसली असेल. तिन्ही कारणं पटण्यासारखी होती. तिने गाडीखाली वाकून पाहिलं. सिमेंटची जमीन, तेलाचा एक जुना डाग, बाकी काही नाही.

तिने पाव फेरा दिला. काही वाजलं नाही. अजून पाव फेरा दिला. तरी नाही. म्हणजे दाते नव्हेत. तिने मुद्दामच, प्रयोग म्हणून, अगदी कोरड्या आवाजात विचारलं, "आला का?"

टक्.

आता पाना सोडून उठायला हवं होतं. ती उठली नाही, आणि का उठली नाही ते नंतरही तिला सांगता आलं नाही. भीती वाटत होतीच. पण भीतीच्या खाली कुठेतरी एक वेडी आशा होती की बाबा असतील. तिने आणखी अर्धा फेरा दिला. स्टड जड जाऊ लागला. हात भरून आला. तिने तिसऱ्यांदा विचारलं.

टक्टक्.

घाईघाईने मारलेले, एकमेकांना चिकटलेले दोन ठोके. चिमटीच्या हातातून पाना सुटला. बाबा असे ठोकत नसत. बाबांनी कधी ठोकलंच नव्हतं, ते कायम पुढच्या बाजूला असायचे. हे ठोके कुणाचे, ते तिला चांगलं ठाऊक होतं. बेचाळीस वर्षं ती ते विसरायला बघत होती.

४

ती नऊ वर्षांची होती. हीच गाडी, हेच चाक. फाटकाशी मैत्रिणी दोरीवरच्या उड्या मारायला ताटकळत उभ्या होत्या आणि हाका मारत होत्या. आत तो स्टड काही केल्या संपेना. बाबा आवळत होते, विचारत होते, ती एकदा टक् करत होती. पुन्हा विचारत होते, पुन्हा एकदा टक्. मग फाटकाशी दोरी सपासप वाजू लागली. बाबांनी विचारलं, "आला का?" आणि तिने बोट न लावताच दोनदा ठोकलं.

"शाबास मिस्त्री," बाबा म्हणाले. ती पळाली.

अर्धवट बसलेला स्टड चालत्या गाडीत हळूहळू आत बसत जातो आणि नट ढिला पडतो. त्याच्यामागोमाग बाकीचेही. तिसऱ्या दिवशी उतारावर चाक निखळलं. गाडीत बाबा एकटेच होते. खुब्याचं हाड मोडलं. पुढे आयुष्यभर ते काठी घेऊन चालले. पण पायापेक्षा मोठा घाव वेगळाच होता. ज्याला स्वतःच्या गाडीचं चाक धड बसवता येत नाही त्याच्याकडे आपली गाडी कोण देईल? गिऱ्हाइकं तुटली. जो भेटेल त्याला बाबा सांगायचे, "माझ्याच हातून राहिलं."

चिमटीला त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. फक्त पुन्हा कधी कामाला बोलावलं नाही. खाचेतून आत बघायला एका बारीक काठीच्या टोकाला बसवलेला छोटा गोल आरसा कुठूनसा आणला, आणि म्हणाले, "आता तू मोठी झालीस, हात मावायचा नाही." हात मावत होता. तिने रात्री चोरून खाचेत घालून पाहिला होता.

सांगायचं तिने शंभरदा ठरवलं. दहावीचा निकाल लागला तेव्हा, लग्न ठरलं तेव्हा, दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसली होती तेव्हा. प्रत्येक वेळी दुसरंच काहीतरी बोलून गेली. मग ते गेले आणि सांगायला कुणी उरलं नाही.

५

ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. आई जमिनीवर बसून बरण्या पुसत होती.

"बाबांचा आरसा कुठाय? काठीचा?"

आईने मान वर केली आणि लेकीचा चेहरा पाहून हातातली बरणी खाली ठेवली. "त्या खणात बघ. कोणाशी बोलत होतीस?"

"कोणाशी नाही. सवय."

"हं," आई म्हणाली. "त्यांनाही तीच सवय लागली होती."

चिमटी खण उघडता उघडता थांबली.

"तुझं लग्न होऊन तू गेलीस ना, त्यानंतर. रोज संध्याकाळी ते त्या चाकाशी स्टूल टाकून बसायचे. काम काही नाही, चाक काढलेलंसुद्धा नाही. नुसते नटाला पाना लावून विचारायचे, आला का? मी इथे कामात असायची. आधी मला वाटलं, मलाच विचारतायत."

"मग?"

"मग काय, थोडा वेळ बसायचे आणि उठून यायचे. हात धुताना म्हणायचे, आजही खोटंच सांगितलं." आईने फडकं झटकलं. "मी म्हणायची, अहो कोण खोटं सांगतंय? तर म्हणायचे, लहान आहे गं, घाबरलीय. सांगेल एक दिवस आपणहून. मी विचारलं की बिचारी आणखी घाबरेल."

चिमटीने आरसा हातात घट्ट धरला. बाबांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"म्हातारपण, दुसरं काय," आई म्हणाली. पण हे म्हणताना ती गॅरेजच्या दाराकडे बघत नव्हती, आणि चिमटीच्या लक्षात आलं की सकाळपासून तिने एकदाही गॅरेजात पाऊल टाकलेलं नाही.

६

बारा वाजून गेले होते. चार वाजता एक मुलगी त्या गाडीत बसणार होती. चिमटीला परत जाणं भागच होतं. पळून जायचं एकदा झालं होतं, तेवढं पुरे होतं.

ती हबसमोर, स्टुलाशेजारी जमिनीवरच बसली. पाना नटावर तसाच लटकत होता, दांडा खाली जमिनीकडे. गाडीखाली पाहायचं नाही असं तिने ठरवलं. एका हातात तिने आरसा घेतला, दुसऱ्या हातात बॅटरी, पण आरसा अजून खाचेत घातला नाही. आधी बोलायचं होतं.

"मी खोटं सांगितलं होतं," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "बोट लावलंच नव्हतं. मुली बोलवत होत्या म्हणून दोनदा ठोकलं. बाबांचा पाय माझ्यामुळे गेला. त्यांचं नाव गेलं. मी सांगितलं नाही, कारण मला वाटलं ते मग मला मिस्त्री म्हणणार नाहीत." ती रडत होती. "तसंही ते परत कधी म्हणालेच नाहीत."

आत डब्यांचा आवाज थांबला होता.

"कोणी रागावणार नाही तुला," चिमटी म्हणाली. "खरं सांग. आला का?"

गाडीच्या पोटाखालून कुणीतरी नाक वर ओढल्यासारखा आवाज आला. मग लोखंडावर, अगदी हळू, एकदाच.

टक्.

तिने आरसा खाचेत सरकवला आणि बॅटरीचा झोत पाडला. आधी नुसता अंधार आणि ग्रीस दिसलं. मग स्टडचं डोकं दिसलं. ते टेकलं नव्हतं. हब आणि त्याच्यामध्ये फट होती, नखाएवढी, पण होती. आणि त्या फटीवर बोट ठेवलेलं होतं. लहान, बारीक, काळं झालेलं बोट. त्याच्या मागे मुठीत धरलेल्या कशाला तरी गुंडाळलेला लाल दोरा.

आरसा बाहेर काढावा असं मनात आलं, पण तिने तो तिथेच धरून ठेवला.

आणि बघता बघता ती फट बारीक होऊ लागली. स्टड करकरत पुढे सरकत होता. एकसारखा, दमाने, घाई नाही, मध्येच थांबून पुन्हा. कुणीतरी सरावाच्या हाताने आवळत असावं तसा. फट केसाएवढी झाली, मग मिटली. बोट क्षणभर तिथेच राहिलं. पुरती खात्री करून घेतल्यासारखं त्याने कड चाचपली आणि मग ते मागे गेलं.

टक्. थोडं थांबून, टक्.

मग पावलं. लहान, अनवाणी, धावत गाडीमागून शटरकडे आणि शटरातून बाहेर. फाटकाची कडी वाजली. बाहेर कुठेतरी दोरी दोनतीनदा जमिनीवर सपासप वाजली आणि थांबली.

चिमटीने मान वळवली तेव्हा बाहेर ऊन होतं आणि फाटक बंद होतं. मग तिने पान्याकडे पाहिलं. त्याचा दांडा आता जमिनीकडे नव्हता. तो वर, स्टुलावर बसलेल्या माणसाच्या हाताच्या उंचीला आला होता. स्टूल रिकामं होतं. तिच्या एका हातात आरसा होता आणि दुसऱ्या हातात बॅटरी.

७

चार वाजता माणसं आली. चिमटीने ड्रम, चाक, नट सगळं चढवलं होतं, समोरासमोरचे नट आलटूनपालटून आवळले होते, आणि मोडलेला स्टड कागदात बांधून देत काय झालं ते गाडी घेणाऱ्याला नीट सांगितलं. "थोडं चालवलं की नट एकदा पुन्हा आवळून घ्या," ती म्हणाली. "आणि पान्यावर पाय देऊ नका." तो हसला. मुलीने गाडीच्या दिव्यांना हात लावून पाहिला. गाडी फाटकातून बाहेर पडली, वळली, आणि चाकांचा आवाज शेवटपर्यंत एकसारखा येत राहिला.

आई दारात उभी होती. ती आज पहिल्यांदाच गॅरेजात उतरली. गाडीच्या जागी तेलाचा डाग होता आणि त्याच्या कडेला, मघाशी नव्हता तो छोटा पाना पडलेला होता.

"आज सांगितलं वाटतं," आई म्हणाली.

तिने वाकून पाना उचलला. लाल दोरा ओला होता आणि लोखंड हाताला उबदार लागत होतं. फळीवर त्याच्या पांढऱ्या आकारात तिने तो अडकवला. सगळी हत्यारं जागेवर आली.

मग तिने शटर खाली ओढायला हात वर केला आणि मागे, स्टुलाच्या उंचीवरून, कुणीतरी दमल्यासारखा श्वास सोडला. ती वळली नाही.

"शाबास, मिस्त्री," बाबा म्हणाले.

आईने तिचा हात धरला. दोघींनी मिळून शटर खाली ओढलं, आणि ते जरासुद्धा कुरकुरलं नाही.